चौथा प्रश्न

"कप खाली ठेवला तरी चालेल," मी म्हणाले.

पद्मावती उपाध्ये यांनी कप खाली ठेवला नाही. तो दोन्ही हातांत धरून त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. चहा केव्हाच निवला होता आणि त्यावर साय धरली होती. बाहेरच्या बाकावर त्यांची आई, नवरा आणि भावजय असे तिघे बसले होते. दाराखालच्या फटीतून त्यांच्या चपला दिसत होत्या. पद्मावतींची नजर सारखी त्या फटीकडे जात होती.

"आता चौथा प्रश्न. आपण आपली किडनी भावाला स्वखुशीनं देत आहात का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "स्वखुशीनंच."

चौथ्या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात मी वैद्यकीय समाजसेविका होते. किडनी देणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाशी बंद खोलीत, एकट्यानं बोलायचं, छापील फॉर्मवरचे नऊ प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची आणि शेवटी एका ओळीत स्वतःचं मत द्यायचं, हे माझं काम होतं. माझ्या त्या ओळीशिवाय समिती परवानगी देत नसे आणि समितीच्या परवानगीशिवाय डॉक्टर जमदाडे सुरीला हात लावत नसत.

पद्मावतींचा धाकटा भाऊ सुकुमार मगदूम एकतीस वर्षांचा होता. जयसिंगपुरात त्याचं जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान होतं. चौदा महिने तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत होता. ज्या शिरेतून रक्त मशीनकडे न्यायचं, ती त्याच्या डाव्या हाताची शीर आता दगा देऊ लागली होती. उजव्या हाताची आधीच निकामी झाली होती. दिवाळीच्या आत किडनी बसवली तर ठीक, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. आईला मधुमेह, बायकोचा रक्तगट वेगळा. जुळली ती फक्त अक्काची. घरात सगळे पद्मावतींना अक्काच म्हणत.

पाचवा प्रश्न झाला, सहावा झाला. सातव्यावर मी थांबले.

थांबायचं कारण शनिवारचं होतं. शनिवारी सकाळी मी गद्रे सरांच्या खाटेशी बसले होते. वामन गद्रे सांगलीच्या एका कॉलेजातून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मंगळवार आणि शनिवार असे दोन दिवस ते चार-चार तास मशीनला जोडलेले असत. उजव्या हातात सुया असायच्या, म्हणून डाव्या हातानं वर्तमानपत्र धरून वाचत आणि पान उलटायची वेळ आली की मला हाक मारत. त्यांना किडनी देणारं कुणी नव्हतं, असं त्यांच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं.

"तुझा तो एम.फिल.चा प्रबंध," ते म्हणाले होते, "कुलपाचा. परत सांग."

मी सांगितलं. दोनशे चाळीस माणसांना मी दोन प्रश्न विचारले होते: तुमचा शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, आणि बाहेर जाताना तुम्ही घराला कुलूप लावता का. निम्म्यांना आधी शेजारी, मग कुलूप. उरलेल्यांना आधी कुलूप, मग शेजारी. कुलपाचा प्रश्न आधी आला की शेजाऱ्यांवरचा विश्वास झपाट्यानं उतरायचा. माणसं त्याच गल्ल्यांतली, प्रश्न तेच, नुसता क्रम उलटा. माझ्या मार्गदर्शकांनी त्याला प्रश्नावलीतला दोष ठरवून एका तळटीपेत टाकलं होतं.

"दोष?" सर हसले. "अगं, निसर्गाची सवय आहे ती. इलेक्ट्रॉनला विचार, वर का खाली? तो म्हणतो, वर. लगेच परत विचार. वर. शंभरदा विचार, वरच. आपल्याला वाटतं, चला, हा वरचा. आता मध्येच त्याला दुसरंच काही विचार. डावा का उजवा? दिलं त्यानं काहीतरी उत्तर. आता पुन्हा पहिला प्रश्न. वर का खाली? निम्म्या वेळा म्हणतो, खाली."

"म्हणजे आधी खोटं बोलला?"

"तिथंच सगळे फसतात. खोटं बोलायला खरं उत्तर आत कुठंतरी लपलेलं हवं ना? ते नव्हतंच. तू विचारलंस तेव्हा ते झालं." मग त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे, हे लक्षात ठेव. नाहीतर टीव्हीवरच्या त्या सकाळच्या प्रवचनवाल्यांसारखं व्हायचं. पण हिशेबाची मांडणी दोन्हीकडे सारखी दिसते खरी."

मी ते ऐकून सोडून दिलं होतं. निदान सोडून दिलं असं मला वाटलं होतं.

"ताई?" पद्मावती म्हणाल्या. "झालं का?"

"तीनच राहिलेत. सातवा. आपण किडनी दिली नाही, तर घरातली माणसं आपल्याशी कशी वागतील?"

त्या हसल्या. "आमच्यात तसं कुणी म्हणतच न्हाई."

"कसं?"

"देणार न्हाई, असं." हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मागचं माणूस मात्र तिथून निघून गेल्यासारखं वाटलं. "रिपोर्ट आला त्या दिवशी मी अंगणवाडीत होतो. पोरांना खिचडी वाढत होतो. घरी आलो, तर आईनं गल्लीत पेढे वाटलेले. जुळली म्हणून. माझ्या हातावर पण एक ठेवला. म्हणाली, तोंड गोड कर."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"काय?"

"द्यायची आहे का, असं."

पद्मावतींनी आता कप खाली ठेवला. बशीवर तो वाजला, तशी त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून त्या बोलू लागल्या. सुकुमार चार वर्षांचा असताना वडील गेले. आई शेतावर जायची, म्हणून आठवीत यांची शाळा सुटली. सुकुमारच्या आयटीआयच्या वेळी यांच्या कानातलं गेलं. त्याचं लग्न यांनी जमवलं. "मी काय तक्रार करत न्हाई. माझं लेकरूच हाय ते. पण माझं सगळं ठरलेलंच असतंय, ताई. मला नुसतं कळवतात."

फॉर्ममधला आठवा प्रश्न पूर्वीच्या आजारांविषयी होता. नियमानं मी तो विचारायला हवा होता. मी मागे वळले. मागे वळावं असं कुठंही लिहिलेलं नव्हतं; फॉर्मवर परत चौथा प्रश्न विचारायला जागासुद्धा नव्हती.

"पद्मावतीताई, पुन्हा विचारते. किडनी द्यायची आहे का?"

"नगं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. जणू तो शब्द दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून त्यांच्या तोंडून पडला होता. बाहेर त्यांची आई खोकली.

"आता वो?" त्या पुटपुटल्या. "आता मी बाहेर कसा जाऊ?"

त्यासाठी आमच्याकडे रीत होती. देणारा बंद खोलीत नको म्हणाला, तर ते घरच्यांना कधीही सांगायचं नाही. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगत, तपासणीत एक दोष निघाला आहे, यांची किडनी घेता येणार नाही. माणसाचा नकार यंत्राच्या अंगावर घालायचा. नकार देणाऱ्याला त्याच घरात परत जेवायचं असतं, म्हणून ही पद्धत. मी तोवर चार वेळा ती वापरली होती आणि चारही वेळा मला ती माणुसकीची वाटली होती.

मी पद्मावतींना ती समजावली. त्यांनी मान हलवली. कशाला हलवली, हे त्यांना तरी कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

डॉक्टर जमदाड्यांनी माझा फॉर्म दोनदा वाचला. "चौथ्यापुढे होय लिहून खोडलंस?"

"पुन्हा विचारल्यावर नाही म्हणाल्या."

"पुन्हा का विचारलंस?"

मी खोडलेल्या 'होय'कडे पाहिलं.

"सबनीस, तो पोरगा हातातून चाललाय. तिनं एकदा होय म्हटलं होतं ना? तू आणखी तीनदा विचारलं असतंस, तर आणखी तीन उत्तरं मिळाली असती." त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला. "जाऊ दे. नाही म्हणजे नाही. मी सांगतो त्यांना."

तीन वाजता त्यांनी बाहेरच्या बाकापाशी जाऊन सांगितलं. एका किडनीत सावली दिसते आहे, धोका घेता येणार नाही. आई भिंतीला टेकली. भावजयीनं, त्रिशलेनं, पदर डोळ्यांना लावला. नवरा पद्मावतींकडे नव्यानंच पाहिल्यासारखा पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी मंगळवारी डायलिसिसला आल्यावर सुकुमार एवढंच म्हणाला, "आमच्या अक्काचं पण वाइंडिंग जळालेलं निघालं म्हणायचं." वॉर्डातल्या नर्सेस हसल्या. मी हसू शकले नाही.

तो आठवडा मी कसा काढला, ते आज नीट सांगता येणार नाही. जेवताना मध्येच वाटायचं, आठव्या प्रश्नाकडे सरळ गेले असते तर? मी तिचं मन मोकळं केलं होतं, की मीच तिच्या मनात नकार तयार केला होता? गुरुवारी सुकुमारच्या हाताची शीर दोनदा बंद पडली. चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत थांबवावं लागलं. त्याचे पाय सुजले होते. मी वॉर्डात जायचं टाळू लागले.

शनिवारी गद्रे सरांनी हाक मारली, तेव्हा जावंच लागलं.

"पान उलटायचंय," ते म्हणाले, आणि मी पान उलटल्यावर, "काय झालं?"

नाव न घेता मी सांगितलं. सरांनी वर्तमानपत्र छातीवर ठेवलं.

"माझ्या केसपेपरवर काय लिहिलंय, पाहिलंयस ना? देणारा उपलब्ध नाही. ते खरं नाही. बंगळुरूला निनाद आहे. रक्तगट एकच. पण मी त्याला विचारलेलं नाही."

"का?"

"विचारलं नाही, तोवर त्याचं उत्तर दोन्ही आहे. विचारलं, की एक होणार. होय म्हणाला, तर मला जन्मभर वाटत राहणार, बाप म्हणून म्हणाला. नाही म्हणाला, तर…" त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. "तीन वर्षं दर रविवारी फोन येतो. आम्ही हवेविषयी बोलतो. बंगळुरूची हवा उत्तम आहे."

सोमवारी सकाळी मी कार्यालय उघडलं, तेव्हा पद्मावती बाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या.

"घरी अंगणवाडीची मीटिंग हाय म्हणून सांगून आलो," त्या म्हणाल्या. आत आल्यावर या वेळी त्या खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसल्या. "मला द्यायची हाय."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"काय झालं, ताई?"

"आई रोज सकाळी विचारती, कसं वाटतंय. दूध देती हातात. मालक पाण्याची घागर उचलू देत न्हाईत. चाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं हो, कसं वाटतंय ते. आणि आता विचारतात ते कशासाठी? नसलेल्या दुखण्यासाठी. तो घास गिळवत न्हाई. आणि दुसरं एक हाय. त्या दिवशी मी नगं म्हणालो, तर तुम्ही लिवून घेतलंत. रागावला न्हाईत. छप्पर पडलं न्हाई. घरी गेल्यावर बघितलं, मला नगं पण म्हणता येतंय. मग मनात आलं, आता बघू, काय म्हणायचं ते."

मी त्यांना बसवून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटलं.

"मी चार माणसांसमोर सावली सांगितली, सबनीस! आता काय सांगू? सावली उडून गेली?"

"दुसऱ्यांदा तपासलं, मशीनची चूक होती, असं सांगता येईल."

"येईल. यंत्राला काय, ते उलटून बोलत नाही. पण हा होकार तरी टिकणार आहे का? उद्या तू तिला तोच फॉर्म विचारणार. चार विचारल्यावर होय, सात विचारल्यावर नाही. मग मी परत सावली आणू?" ते उठून खिडकीशी गेले. "समिती परवा, बुधवारी दुपारी आहे. त्या पोराची शीर कदाचित आठवडा काढेल, कदाचित नाही. उद्या तिला बोलव. मला एक उत्तर दे. एकच."

मंगळवारी सकाळी साडेआठला सरांच्या हातात सुया टोचून होताहेत, तोच मी त्यांच्यापाशी उभी राहिले. पडद्यापलीकडच्या खाटेवर सुकुमारला मशीन लावत होते. मी आवाज खाली आणला.

"सर, कोणत्या क्रमानं विचारू?"

"कुणाला?"

"सातवा आधी विचारला, तर मी तिला नकाराकडे ढकलते. चौथा आधी विचारला, तर होकाराकडे. मधला क्रमच नाही."

"नाहीच," सर म्हणाले. ते मशीनच्या फिरत्या पंपाकडे पाहत होते. "आणि तू हे मला विचारतेस? ज्यानं तीन वर्षं एक प्रश्न उच्चारला नाही, त्याला?"

"मग कुणाला विचारू?"

"इलेक्ट्रॉनला क्रम ठरवता येत नाही. तो बिचारा आपण जे विचारू, त्याचं उत्तर देतो. त्याला आपल्याला काही विचारताही येत नाही." ते माझ्याकडे वळले. "बाईंना येतं ना?"

अकरा वाजता पद्मावती आल्या. सुकुमारला डबा घेऊन आलेली त्रिशला वहिनी सोबत होती. तिला बाहेर बसवून मी दार लावलं. टेबलावर नवा, कोरा फॉर्म होता. मी तो उलटा फिरवला आणि त्यांच्याकडे सरकवला. पेनही.

"हे काय?"

"यात नऊ प्रश्न आहेत. कुठला आधी घ्यायचा, कुठला मागून, कुठला घ्यायचाच नाही, ते तुम्ही ठरवा. आणखी एखादा विचारायला हवा असेल, तर तोही घालू."

त्यांनी मला निरखून पाहिलं, मी चेष्टा करते आहे की काय म्हणून. मग अंगणवाडीची नोंदवही वाचावी तसं ओळीखाली बोट धरून त्या सगळा फॉर्म वाचू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले, अकरा पंधरा झाले. बारा वाजता डॉक्टरांना कळवायचं होतं.

"यात एक न्हाई," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"सगळे प्रश्न मलाच हायत. ज्याला पाहिजे, त्यानं कुठं विचारायचं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "सुक्याला ठावं हाय का, मी नगं म्हणालो होतो?"

"नाही. कुणालाच माहीत नाही. आमची तशी पद्धत आहे. कधी कळणारही नाही."

"मग मी काय देणार त्याला?" त्या उभ्या राहिल्या. "माझं नगं तुमच्या कपाटात कुलपात. त्याच्यावर माझं व्हय बसवायचं. ते बसतंय का? मला त्याच्याकडं न्या."

"ताई, तो मशीनवर आहे. त्याला धक्का बसला तर? आणि घरी कळलं तर तुम्हाला…"

"मला काय होईल, ते सातव्यात लिवलंय न्हवं? लिवा, मला ठावं न्हाई. बघू."

त्यांना अडवायचा अधिकार मला होता. हॉस्पिटलच्या नियमानं ते माझं कर्तव्यच होतं. मी पुढे होऊन वॉर्डाचं दार उघडलं.

सुकुमारचा चेहरा पिवळट, सुजलेला होता. अक्काला बघून तो उठू लागला.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. स्टूल ओढून त्या त्याच्या सुया नसलेल्या बाजूला बसल्या. मी पायथ्याशी उभी राहिले. "सुक्या, माझ्या किडनीत दोष न्हाई."

"म्हंजे? मशीन चुकलं?"

"मशीन न्हाई चुकलं. त्यांनी मला आत घेऊन विचारलं, मी नगं म्हणालो. मला झाकायला डाक्टरांनी सावली सांगितली."

पंप फिरत होता. सुकुमारनं छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातून जाणाऱ्या लाल नळीकडे. एकाएकी मशीन ओरडू लागलं. नर्स धावत आली, तिनं बटण दाबलं, नळी सरळ केली, रक्तदाब पाहिला आणि माझ्याकडे रागानं बघून गेली. तेवढ्या वेळात मला शंभरदा वाटून गेलं, की मी एका माणसाचा जीव घेतला आहे.

"का नगं म्हणालीस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. लहान मुलाचा असावा, तसा आवाज होता.

"मला कुणी विचारलंच नव्हतं. पेढे आले एकदम."

सुकुमारनं डोळे मिटले. "मी तरी कुठं विचारलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू हायसच."

"हाय की."

"तसं न्हवं." तो कष्टानं कुशीवर वळला. "चौदा महिने मशीनवर पडून मी सगळ्यांना सगळं विचारलं. डाक्टरांना विचारलं, ज्योतिषाला विचारलं, भटजीला… तुलाच तेवढं राहिलं. लाज वाटत होती, अक्का. विचारलं असतं आणि तू माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस, तर?"

"मग आता विचार."

त्याचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

"अक्का, देतीस का?"

माझ्या बोटांनी फॉर्म घट्ट धरला होता. पद्मावतींनी भावाच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"उद्या सकाळी सांगतो," त्या म्हणाल्या.

मी जवळजवळ ओरडणार होते. सुकुमार मात्र तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याचा सुजलेला चेहरा सगळाच्या सगळा हसला. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

"सांग," तो म्हणाला. "घाई न्हाई."

त्या खोलीत सगळ्यांत जास्त घाई ज्याला होती, तो हे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पद्मावती आल्या, त्या आईला घेऊनच. नकाराचं रात्री घरी कळलं होतं; आईचे डोळे सुजलेले होते आणि ती मुलीशी बोलत नव्हती. पुढे दोन वर्षं बोलली नाही, असं मला नंतर कळलं. पद्मावतींनी फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, आणि सगळ्यांत शेवटी, सातव्याच्याही नंतर, चौथ्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. बुधवारी समितीनं परवानगी दिली आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर जमदाड्यांनी शस्त्रक्रिया केली. सुकुमारचं दुकान अजून चालू आहे. मी मात्र सावलीची ती पद्धत त्यानंतर कधी वापरली नाही, असं सांगता येत नाही. वापरली, अनेकदा. काही घरांत तीच बरी असते. दर वेळी पेन मात्र समोरच्या माणसाच्या हातात देते.

पण त्या मंगळवारची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. सुकुमारच्या खाटेपासून मी निघाले, तेव्हा पडद्यापलीकडून हाक आली.

"अनघा."

मला वाटलं, पान उलटायचं असेल. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं होतं. गद्रे सरांनी सगळं ऐकलं होतं. दोन खाटांमधला पडदा पातळ होता.

"तुझ्याकडे तो खिशातला फोन आहे ना?"

"आहे."

"माझ्या सदऱ्याच्या खिशात डायरी आहे. 'न' अक्षराखाली पाहा."

"सर, आज मंगळवार आहे. तो कामावर असेल."

"असू दे."

मी नंबर लावला. फोन मीच त्यांच्या कानाशी टेकवून धरला. पलीकडे घंटी वाजत होती. चार वेळा वाजली, पाच वेळा.

"निनाद? अरे, मी, बाबा… नाही, नाही, तसं काही झालेलं नाही. मशीनवरच आहे. तू कामात आहेस का?… बरं… हे बघ, मला तुला एक विचारायचं आहे."

पडद्यापलीकडे पद्मावती भावाला काहीतरी सांगत होत्या आणि तो हसत होता.

"पण घाई नाही," सर म्हणाले. "आधी तुला मला काही विचारायचं असेल, तर ते विचार."

पलीकडून मग एक आवाज बोलू लागला, अडखळत, आणि मग न अडखळता. सरांनी फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. मी जमिनीवरचं वर्तमानपत्र उचलून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि पडदा सरकवून बाहेर आले. बारा वाजायला पाच मिनिटं होती. डॉक्टरांना द्यायला माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं.